थार, नेक्सॉन, हायरायडर आणि पावणेचार मीटरचा रस्ता

बाबांची जुनी गाडी बदलायची हे दिवाळीतच ठरलं होतं, पण कोणती घ्यायची यावर काही केल्या घरात एकमत होत नव्हतं. बाबा रिटायर झाल्यापासून वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडच्या आतल्या बाजूला आमच्या गावी राहतात, वावरात जातात, बाजाराला कारंजाला जातात, आईला दवाखान्यात न्यायचं तर अकोला नाहीतर अमरावती, आणि लग्नसराईत तर विचारूच नका. शोरूमवाले टेस्ट ड्राइव्ह देतात ती नागपुरात गुळगुळीत रोडवर दोन-तीन किलोमीटर, त्यात गाडीचं काय कळणार. म्हणून या डिसेंबरात आम्ही भावंडांनी ठरवलं की आपापल्या गाड्या घेऊन गावी जायचं, तिथून आईबाबांना घेऊन लोणार, शेगाव, चिखलदरा असा फेरा मारायचा आणि वाटेत चाव्या बदलत राहायच्या, म्हणजे आम्हाला सगळ्या चालवायला मिळतील आणि बाबांना सगळ्यांत बसून पाहता येईल. दादाची एक्सयूव्ही ७०० डिझेल, मावसभावाची तीन दारांची थार फोर बाय फोर, साळ्याची नेक्सॉन ईव्ही, भाटव्यांची, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यांची हायरायडर हायब्रिड आणि माझी नवी स्विफ्ट. गावात मोठेबाबांची, म्हणजे मोठ्या काकांची बोलेरो होतीच.

गुरुवार, नागपूर ते गाव

सकाळी तर्री-पोहे खाऊन, पंपावर सगळ्या गाड्यांची हवा टायर थंड असतानाच चेक करून निघालो. हे हवेचं मी मुद्दाम सांगतो, समृद्धी महामार्गावर सिमेंटचा रस्ता आणि १२० ची स्पीड लिमिट, टायर तापतो, हवा कमी असली तर साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, जास्त दबते आणि अजूनच तापतो, आणि जुना टायर असला तर तिथेच फुटतो. टायर बदलायचे पैसे वाचवून कोणी या रोडवर जाऊ नये.

समृद्धी जिथे सुरू होतो त्या शिवमडक्यापासून मी एक्सयूव्ही ७०० घेतली. १८५ पीएस ताकदीचं डिझेल इंजिन आहे, १२० वर गाडी इतकी निवांत चालते की आपण ८० वर आहोत असं वाटतं, मागे बसलेली वहिनी वर्धा यायच्या आत झोपली. यातला कॅमेरा आणि रडार पुढच्या गाडीपासून अंतर राखतो, लेन सोडायला लागलो तर स्टिअरिंग हळूच ओढून आणतो. पहिल्यांदा तो हात ओढतो तेव्हा दचकायला होतं, मग सवय होते. समृद्धीसाठी ही सोय खरंच मोलाची आहे, कारण हा रोड नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, वळणं अगदी कमी, टू-व्हीलर नाही, थ्री-व्हीलर नाही, गाव नाही, आणि एकसारखं सरळ बघून बघून डोळे उघडे असूनही डोकं बंद पडायला लागतं. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हापासून इथले अपघात आपण सगळ्यांनी वाचलेत, आमच्या ओळखीतलेही गेले. म्हणून गाडीत कितीही सेन्सर असले तरी आम्ही तासाभराने थांबत होतो, चहा घेत होतो, ड्रायव्हर बदलत होतो. मशीन अंतर राखते, पण झोप आपलीच असते.

कारंजाला समृद्धी सोडली आणि गावच्या रोडला लागलो तर डॅशबोर्डवरचं लेनचं चिन्ह करडं होऊन बसलं. बरोबरच आहे, रस्त्यावर पांढरे पट्टेच नाहीत तर कॅमेरा पकडणार काय. इथून पुढे सगळं आपल्या डोळ्यांवर.

आणि इथेच या फेऱ्यातली सगळ्यात कामाची गोष्ट कळली. भाटवे रस्त्याच्या कामात आहेत, ते म्हणाले, गावाला जोडणारा सिंगल लेन रोड म्हणजे डांबर ३.७५ मीटर. एक्सयूव्ही ७०० ची रुंदी आरसे सोडून १.८९ मीटर. म्हणजे अशा दोन गाड्या समोरासमोर आल्या तर १.८९ दुणे ३.७८, एकमेकींना चिकटून गेल्या तरी डांबरावर मावत नाहीत! स्विफ्ट १.७३५, दोन स्विफ्ट आल्या तर ३.४७, हळू घेतल्या तर निघतात. आम्ही आजवर ग्राउंड क्लिअरन्स ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच) करत बसलो, रुंदीकडे कोणाचं लक्षच नाही.

तेवढ्यात समोरून लालपरी आली. एसटी साधारण अडीच मीटर रुंद, तिच्या बाजूला तर कोणतीच गाडी मावत नाही, डावी चाकं खाली उतरवावीच लागतात. आणि आपल्याकडे साइडपट्टी म्हणजे काय ते माहीतच आहे, पावसाने मुरूम वाहून गेलेला, डांबराची कड वीतभर उंच राहिलेली, त्यावरून मोठी गाडी तिरपी करून उतरवताना दादाने शेजारून "हळू बे, हळू, खाली घासते" असं म्हणत श्वास रोखून धरला होता. उतरताना नाही घासली. पण परत वर चढताना टायरच्या कडेला ती डांबराची धार घासते तो आवाज मला आवडला नाही.

शुक्रवार, वावर आणि पांदण

सकाळी उठलो तर साळा अंगणात परेशान. रात्री नेक्सॉन घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लावली होती, चार्जरवर लाल लाइट. वायरमन दादांनी येऊन टेस्टर लावला आणि सांगितलं, घराला अर्थिंगच नाही. घर माझ्या आजोबांच्या काळातलं, कोणी कधी केलीच नव्हती आणि पंखा-टीव्ही त्याशिवाय चालूनच रायले होते. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग तपासल्याशिवाय करंट घेत नाही, आणि ते चांगलंच आहे. मग अंगणात खड्डा, त्यात पाइप, मीठ-कोळसा, पाणी, आणि दुपारपर्यंत हिरवा लाइट लागला. माझ्या मते ईव्ही घ्यायची असली तर आधी घराची अर्थिंग करा, आणि नसली घ्यायची तरी करा, घरात फ्रिज आहे, मोटर आहे, लेकरं आहेत.

गाडीची बॅटरी ४५ किलोवॅट-अवरची, म्हणजे ४५ युनिटची, आणि घरचा सॉकेट तासाला तीनेक युनिट देतो, म्हणजे पूर्ण रिकामी असली तर रात्रभर लावूनही फुल होत नाही. पण बाबांचं रोजचं फिरणं चाळीस-पन्नास किलोमीटर, तेवढं तर रात्रीतून आरामात भरते. बरं, गावठाणाचा फीडर वेगळा असल्यामुळे शेतीपंपाच्या लाइनसारखी आठ तासांची पाळी घराला लागत नाही. बाबांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं.

दुपारी थार आणि बोलेरो घेऊन वावरात गेलो. आमच्या वावरापर्यंत पांदण रस्ता आहे, धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने जाणारा, उन्हाळ्यात दगडासारखा कडक आणि पावसाळ्यात विचारू नका. आत्ता डिसेंबर, रस्ता कोरडा, पण शेजारच्यांनी हरभऱ्याला पाणी सोडलेलं, त्याचा पाट फुटून पांदणीत वीस-पंचवीस फुटांचा तुकडा ओला झालेला. ज्यांनी काळी माती पाहिली नाही त्यांना हे कळणार नाही. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, म्हणून तर आमच्याकडचे डांबरी रोड दोन वर्षांत लाटा मारायला लागतात, खालची जमीनच दरवर्षी वरखाली होते. आणि ओली असली की चिकट अशी की चालणाऱ्याची चप्पल पायातून काढून घेते.

मावसभावाने थार टू-व्हील मध्येच टाकली, म्हणाला पाहू तर खरं. मी खाली उतरून मागच्या चाकाजवळ उभा होतो. पहिला वेढा फिरला तेव्हा टायरच्या खाचा दिसत होत्या, दुसऱ्या-तिसऱ्या वेढ्यात खाचा मातीने भरल्या, आणि मग टायर पूर्ण गुळगुळीत काळा झाला, एकही खाच दिसेना, चाक जागेवर फिरून रायलं आणि गाडी इंचभरही पुढे जाईना. मडगार्डच्या आतही माती थापून बसायला लागली. मग त्याने दुसरा लिव्हर ओढून फोर-लो मध्ये, म्हणजे चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये टाकली, अॅक्सिलरेटर जवळजवळ सोडूनच दिला, आणि गाडी चारही चाकांवर सावकाश, एकेक फूट करत, बाहेर आली. आवाज नाही, धूर नाही, चिखल उडवणं नाही. २२६ मिलीमीटर ग्राउंड क्लिअरन्स आणि ६५० मिलीमीटर पाण्यातून जायची क्षमता कागदावर वाचली होती, पण फोर-लो चं काम हे असं जवळून पाहिल्यावरच समजतं. लोक थार घेऊन गावात पेट्रोल जाळत हॉर्न वाजवत फिरतात, त्यांनी एकदा हा लिव्हर पांदणीत वापरून पाहावा, गाडीबद्दल खरा आदर तेव्हाच वाटेल.

मोठेबाबांनी बोलेरो त्या ओल्यातून नेलीच नाही, शेजाऱ्याच्या पडीक तुकड्यातून वळसा घालून, धुऱ्यावरून तिरपी काढून पलीकडे आणली आणि आमच्या आधी जाऊन बाभळीखाली लावून बसले. मग टेप काढून बोलेरोची रुंदी मोजली, १.७४५ मीटर निघाली, म्हणजे माझ्या स्विफ्टपेक्षा फक्त एक सेंटीमीटर जास्त! मोठेबाबा म्हणाले, "तुमच्या गाड्या चांगल्या हायेत, मी नाही म्हणत नाही. पण समोरून बंडी आली तं गाडी नेशीन कुठं? बैलाले मांगं चालता येते का?" २००० साली आलेली ही गाडी अजून प्रत्येक खेड्यात का दिसते याचं उत्तर मला त्या टेपवर मिळालं. अरुंद, उंच, लोखंडी फ्रेम, मागच्या चाकांना ओढ, आणि बिघडली तर गावातला कोणताही मेकॅनिक हात घालतो.

आईने थारमध्ये मागे बसून पाहिलं. तीन दारांची असल्याने पुढची सीट सरकवून आत शिरावं लागतं, तिचे गुडघे दुखतात, तिला दोघांनी हात दिला. बाबा काही बोलले नाहीत, वहीतही काही लिहिलं नाही, पण थारचं नाव तिथेच कटलं हे आम्हाला कळलं.

चारला लोणारसाठी निघालो. समृद्धीने लवकर झालं असतं, पण आम्हाला गाड्या पाहायच्या होत्या म्हणून जुन्या रोडने शेलूबाजार, मालेगाव, डोणगाव, मेहकर असं गेलो. मी हायरायडर चालवत होतो. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि सोबत छोटी बॅटरी, चार्जिंगला लावायची भानगड नाही, ब्रेक मारला की भरते आणि गावातून हळू जाताना इंजिन बंद होऊन गाडी बॅटरीवर सरकते. मालेगावच्या बाजारात म्हशी, हातगाड्या, गर्दी, तिथे आमची गाडी आवाज न करता चालत होती आणि लोकांना कळत नव्हतं मागे गाडी आहे, तिथे हॉर्न हलकेच वाजवावाच लागतो. कंपनीचा मायलेजचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटरचा आहे, आम्हाला चार माणसं आणि सामान घेऊन तेवीसच्या आसपास मिळालं, आणि या आकाराच्या ऑटोमॅटिक पेट्रोल गाडीला ते मला फार वाटतं.

अंधार पडल्यावर मात्र सगळा खेळ बदलतो. कापसाचा सीझन, जिनिंगला जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, कापूस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे लाइट नाही, रेडियम नाही, आणि समोरून एखादी नवी गाडी पांढऱ्या एलईडीचा अप्पर मारत आली की पाच सेकंद काहीही दिसत नाही. त्या पाच सेकंदांतच ट्रॉली असते. आमच्यातल्या एका गाडीत (नाव नाही घेत) एसीचा पंखा कमी करायचा तर स्क्रीनवर जाऊन दोनदा बोट लावावं लागत होतं, काचेवर वाफ धरली होती, गाडी खड्ड्यात हलली आणि बोट भलत्याच ठिकाणी पडलं. ज्याने कोणी हे डिझाइन केलं त्याने एकदा डिसेंबरात डोणगाव-मेहकर रोडने रात्री गाडी चालवून पाहावी ही माझी मनापासून विनंती आहे. हाताला लागणारं गोल बटण म्हणजे जुनाटपणा नाही, रस्त्यावरून नजर न काढता काम होतं. शेतकरी भावांनाही हात जोडून सांगणं आहे, ट्रॉलीला रेडियमची पट्टी शंभर-दोनशे रुपयांत लागते, लावून घ्या.

शनिवार, लोणार ते परतवाडा

सकाळी सरोवर पाहिलं. उल्का आदळून बेसॉल्टमध्ये झालेलं विवर, पावणेदोन-दोन किलोमीटर व्यास, २०२० मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. दैत्यसूदनाच्या देवळात बाबा बराच वेळ रमले. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

तिथून नेक्सॉन ईव्ही माझ्याकडे. मेहकर ते खामगाव या पट्ट्यात ओव्हरटेक करताना या गाडीची जी ओढ आहे तिला तोड नाही, ट्रकच्या मागून निघालो की गिअर पाडायची, इंजिन ओरडायची वाट बघायची नाही, पाय दाबला की गाडी पुढे, आणि अशा दोन-पदरी रोडवर ओव्हरटेक जितका लवकर संपतो तितका जीव सुरक्षित. बॅटरी खाली असल्याने वळणावर गाडी बसून राहते. पण वाटेतल्या एका चार्जरवर गेलो तर मशीन बंद, अॅपवर चालू दाखवत होतं. दुसऱ्याला गेलो, तिथे आधीच एक गाडी लागलेली. पाऊण तास गेला. शेगावला दर्शन घेतलं, कचोरी खाल्ली, तोवर गाडी भरली म्हणून चिडचिड झाली नाही, पण आईला घेऊन इमर्जन्सीत अकोल्याला निघालो असतो तर काय, हा विचार डोक्यातून गेला नाही. घरी भरून जेवढं होते तेवढ्यासाठी ईव्ही नंबर एक, त्यापुढच्या प्रवासाला आपल्या भागात अजून दोन-तीन चार्जरचा हिशोब सोबत ठेवावा लागतो.

अकोला सोडून मूर्तिजापूरच्या पुढे माना ते लोणी हा तो फेमस पट्टा, जून २०२२ मध्ये एका लेनचं सलग ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड केलेलं. इथे पुन्हा एक्सयूव्ही घेतली. लहानपणी याच रोडने एसटीत अकोला-अमरावती जाताना हाडं खिळखिळी व्हायची आणि आता बाबा मागे बसून वर्तमानपत्र वाचत होते. अमरावतीला गिला वडा खाऊन रात्री परतवाड्याला मुक्काम केला.

रविवार, चिखलदरा

धामणगाव गढीच्या बाजूने वर चढलो, मी माझ्याच स्विफ्टने. ८२ पीएसच फक्त, पण वजन नऊशे किलोच्या थोडं वर, घाटात सेकंड-थर्डमध्ये मस्त चढते, आणि वळणावर समोरून जीप आली तर तिच्यासाठी जागा सोडून आपल्याला उरते. भाटवे हायरायडर सोडून खास ही चालवायला आले आणि "लय दिवसांनी गाडी चालवल्यासारखं वाटलं" म्हणाले. इंजिन चढावर आवाज करतं, मागे तीन मोठी माणसं बसली की गाडी दमते, आणि १६३ मिलीमीटर ग्राउंड क्लिअरन्सला खालचं बंपर जपावं लागतं, हेही सांगितलं पाहिजे.

वर धुकं होतं, मोथ्याला रबडी खाल्ली, भीमकुंड पाहिला. उंची अकराशे मीटरच्या आसपास, म्हणून इथे कॉफीही होते, आमच्याकडे पाव्हण्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

उतरताना घटांगच्या रोडने नेक्सॉन घेतली आणि हा या फेऱ्यातला सगळ्यात आनंदाचा तुकडा. स्टिअरिंगच्या मागच्या पॅडलने रीजन वाढवलं की अॅक्सिलरेटर सोडताच गाडी आपोआप धीमी होते, ती ताकद बॅटरीत परत जाते, ब्रेकला पाय लावायची गरज फार कमी पडते. मेळघाटच्या उतारावर ब्रेक तापून जळका वास येणं आम्ही कितीदा अनुभवलंय, थांबून चाकावर पाणी मारायचे लोक. इथे वास नाही, आवाज नाही, काच खाली केली तर सागाच्या वाळलेल्या पानांवरून चाक जायचा आवाज ऐकू येत होता, आणि घाटाच्या पायथ्याशी पोचलो तर बॅटरी माथ्यावर होती त्यापेक्षा थोडी जास्तच. बाबांनी स्क्रीनकडे बोट करून मला दोनदा विचारलं, हे खरं हाय का.

सोमवार, परत

चांदूर बाजार, मोर्शी, वरूड, काटोल असा संत्र्याचा पट्टा. आंबिया बहाराची तोड चालू, रोडच्या कडेला ढीग, गाड्या भरणं चालू. बाबा हायरायडरमध्ये पुढे बसले आणि मोर्शीपर्यंत काही बोलले नाहीत, मग वही काढली. एक्सयूव्ही मोठी होते, लांबच्या लोकांसाठी चांगली. थार आईला जमत नाही. स्विफ्टमध्ये वाकून बसावं लागते. बोलेरो मोठेबाबांची आहेच, लागली तर मागून घेईन. राहिल्या नेक्सॉन आणि हायरायडर, दोन्ही १.८० मीटरच्या आसपास, रुंदीत मधल्या. साळ्याने लगेच क्रॅश टेस्टचे पाच स्टार मांडले, भाटव्यांनी मायलेज मांडलं, वरूडच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास वाद झाला, टपरीवाले काकाही त्यात पडले.

बाबांनी शेवटी विचारलं, एसी कोणत्या गाडीचा चांगला. कोणालाच सांगता येईना, डिसेंबरात एसी चालवला कोणी, काच साफ करण्यापुरताच. आणि आमच्याकडे मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत, उन्हात दोन तास उभ्या असलेल्या गाडीत आईला बसवून निघायचं असतं, त्या दिवशी गाडीचं बाकी काही महत्त्वाचं राहत नाही. म्हणून बाबांनी बुकिंग पुढे ढकललं. मे मध्ये दोन्ही गाड्या गावात आणायच्या, दुपारी एकला अंगणात उन्हात लावायच्या, तीनला आईला मागच्या सीटवर बसवून कारंजाला न्यायचं, मग ती सांगेल ती घ्यायची. भाटव्यांनी थर्मामीटर आणायचं कबूल केलंय.